रिपोर्टची शेवटची ओळ

जानेवारीत माझ्या डाव्या स्तनातून सुईने मांसाचे चार-पाच बारीक तुकडे काढले आणि आठवड्याने रिपोर्ट आला, बिनाइन. म्हणजे कॅन्सर नाही. हा शब्द तोवर आमच्या घराण्यात कुणाच्या कानावरून गेलेला नव्हता, पण दोन दिवसांत तो असा पसरला की कराडला सासूबाईंच्या शेजारणीलासुद्धा पाठ झाला. "बिनाइन आलं ना? अभिनंदन हं!" असं तिने मला फोन करून सांगितलं. अभिनंदन कसलं, मी काय बोर्डात आले होते? टेबलावर पालथी पडले होते आणि हलू नको म्हणाले म्हणून हलले नव्हते. माझं कर्तृत्व एवढंच.

सुरुवात साधीच झाली होती. मी कतारमध्ये, दोहाजवळच्या अल वक्राला एका भारतीय शाळेत आठवी-नववीला सायन्स शिकवते. चाळिशी उलटून पाच वर्षं झाली तरी एकदाही मॅमोग्राम केला नाही म्हणून शाळेच्या नर्सने मला स्टाफरूममध्ये चारचौघींसमोर टोमणा मारला. मला टोमणा सहन होत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत दोहाला हॉस्पिटलात जाऊन तो करून आले आणि नर्सला कागद दाखवायचा एवढाच विचार होता. तीन दिवसांनी फोन आला, परत या, एका जागेचे जवळून फोटो घ्यायचेत.

परत गेले तर तिथली फिलिपिनो टेक्निशियन माझ्या निम्म्या वयाची. "रिलॅक्स मॅडम, रिलॅक्स" म्हणत तिने यंत्राच्या दोन पट्ट्यांमध्ये मला पापडासारखं चपटं केलं. रिलॅक्स म्हणे! माझा जीव टांगणीला आणि ही मला रिलॅक्स सांगते. पण हात हलका होता पोरीचा, खोटं कशाला बोलू.

फोटो वाचणारी डॉक्टर सुदानी होती. पन्नाशीची असेल, शांत, इंग्लिश सावकाश बोलणारी. तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. एका कोपऱ्यात पांढरे कण, मीठ सांडावं तसे. ती म्हणाली, ही गाठ नाही, हाताला लागणार नाही. सोनोग्राफीतही हे कण नीट दिसत नाहीत, फक्त मॅमोग्रामच्या फोटोतच दिसतात. बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण तुकडा काढून बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. हे सगळं तिने मला नीट सांगितलं, मी मान हलवली, आणि वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरांसारखं एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिलं.

रिपोर्टच्या दिवशी नवरा बरोबर आला होता. तो रास लफानला गॅसच्या प्लँटमध्ये इन्स्पेक्शन इंजिनिअर आहे, पहाटे चारला कंपनीची बस धरतो. त्या दिवशी त्याने रजा काढली होती, म्हणजे त्याच्या हिशेबाने माझ्यावर मोठे उपकारच. डॉक्टर म्हणाली, बिनाइन. आम्ही दोघांनी एकदम श्वास सोडला. तुकडा काढला तिथे खूण म्हणून तिने तिळाएवढी धातूची क्लिप आत ठेवली होती, तेही सांगितलं.

नवरा खुर्चीतून अर्धा उठलाच. "सो डॉक्टर, खलास?"

"नो खलास," ती हसून म्हणाली. "सहा महिन्यांनी परत यायचं. हाच फोटो, हेच मशीन. मला दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय, की हे कण आहेत तसेच आहेत की वाढतायत."

"शुअर, शुअर, शुक्रन," नवरा अरबीत आभार मानून म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं, त्याला एकट्याला कशाला बोलू?

पार्किंगमध्ये गाडी चालू करायच्या आधी त्याने रिपोर्टचा फोटो काढला, 'बिनाइन' शब्दाला लाल गोल केला, खालचा भाग कापून टाकला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. दोन मिनिटांत हात जोडलेल्यांची रांग लागली. पुण्याच्या नणंदेने, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या बहिणीने, आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "सुटलो बाई एकदाचे!" सुटलो! सुई मला टोचली, सुटल्या ह्या.

संक्रांतीचे दिवस होते. इथल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू कुणाच्या तरी अल दुहैलच्या व्हिलात होतं, तिथे मी गेले तर प्रत्येकीकडे एकेक मावशी किंवा आत्येबहीण तयार. कुणाला हळदीने बरं वाटलेलं, कुणाला गव्हांकुराच्या रसाने. एक तर म्हणाली, "तू टेन्शन फार घेतेस, त्याने होतं हे." मी तिळगूळ घेतला आणि गोड बोलले. सण होता ना.

मग आपण विसरलो. विसरायला फार आवडतं माणसाला, आणि घरचे मदत करतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली अपॉइंटमेंट हॉस्पिटलने आधीच देऊन ठेवली होती. पण जुलै म्हणजे आमची सुट्टी. गल्फमधल्या माणसाची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. वर्षभर दुखलेला दात, वाढलेला चष्म्याचा नंबर, आखडलेला खांदा, सगळं आम्ही साठवून ठेवतो आणि सुट्टीत इंडियात नेऊन दुरुस्त करून आणतो. इथे हॉस्पिटलं काचेची, चकाचक, पण भरवसा कुणावर, तर गावाकडच्या ओळखीच्या डॉक्टरवर. बॅगेत जाताना खजूर आणि परफ्यूम, येताना लोणचं आणि रिपोर्ट.

ताईंनी, नणंदेला मी ताई म्हणते, आमच्यासाठी कुठल्याशा सेंटरमध्ये फुल बॉडी पॅकेज ठरवून टाकलं. डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या तपासण्या, एका सकाळीत.

"त्यात तुझंही ते होऊन जाईल," नवरा म्हणाला. "इथली अपॉइंटमेंट कॅन्सल कर. तिकिटाच्या तारखा पुढे ढकलायच्या का आता एवढ्यासाठी?"

"अहो, पण तिने हेच मशीन म्हटलं होतं."

"मशीन म्हणजे मशीन. इंडियात काय मशीन नाहीत?"

मी बोलले असते तर मी देशाच्या विरुद्ध. फोनवर हॉस्पिटलचं ॲप उघडलं, कॅन्सल दाबलं. ॲपने विचारलं, नक्की का? त्या ॲपला जेवढी अक्कल होती तेवढी मला नव्हती. मी 'हो' दाबलं.

आणि हे कोण बोलतंय ते बघा. ज्या माणसाची अख्खी नोकरी म्हणजे पाइप तपासणं, तो! गेली अठरा वर्षं जेवताना मी ऐकतेय. कुठल्या जॉइंटची जाडी ठरावीक महिन्यांनी मोजायची, अगदी त्याच ठिपक्यावर मोजायची, मागच्या रीडिंगशेजारी नवं ठेवायचं. कुठली चीर एक्स-रेत सापडते आणि कुठली अल्ट्रासॉनिकनेच सापडते. एकदा कुणा कॉन्ट्रॅक्टरच्या माणसाने मागचं रीडिंग न बघताच 'ओके' लिहून दिलं, तर ह्यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. घरी येऊन आमटी ओरपत मला सांगत होते, "मागचं नाही तर नवं काय चाटायचंय? नुसता आकडा आहे तो!" एवढा शहाणा माणूस. सगळं शहाणपण गेटपाशी ओळखपत्राबरोबर जमा करून बसमध्ये बसत असणार, दुसरं काय.

पुण्याचं ते सेंटर म्हणजे लग्नाचा हॉलच. रिकाम्या पोटी रक्त दिलं की हातात उपम्याचं कूपन. पंचवीसेक बायका एकसारख्या गुलाबी झग्यात रांगेने बसलेल्या आणि एक मुलगी नावं पुकारतेय. ताई माझ्याबरोबर, त्याही झग्यात. "किती छान सोय आहे ना गं!" त्यांना फार अभिमान होता, सगळं त्यांनी जमवलं होतं म्हणून.

माझी पाळी आली तर सोनोग्राफीची खोली. मी काउंटरवर परत आले, म्हटलं, माझा मॅमोग्राम व्हायचाय. काउंटरवरची बाई फाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "पॅकेजमध्ये सोनोग्राफी आहे मॅडम. तीच चांगली, रेडिएशन नाही, दुखत नाही."

"बघ, दुखतही नाही," ताई म्हणाल्या.

मी गेले आणि आडवी झाले. जेल थंडगार, डॉक्टरीण घाईत, बाहेर आणखी वीसजणी. मागचे फोटो कुठे आहेत, कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ते दोहाला कपाटात होते, पासपोर्टच्या जुन्या झेरॉक्सखाली. मी तरी सांगितलं का, की माझी बायॉप्सी झालीय, आत क्लिप आहे? फॉर्मवर 'पूर्वीचे आजार' असा रकाना होता. तो ताईंनी भरला होता. तिथे त्यांनी लिहिलं होतं, काही नाही.

संध्याकाळी रिपोर्ट फोनवर आला. दोन्ही बाजू नॉर्मल. ताईंनी कांदेपोहे केले आणि मी दोन वाट्या खाल्ले. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. त्या रिपोर्टवर विश्वास ठेवावासा वाटला आणि मी ठेवला. सायन्सची शिक्षिका!

ऑक्टोबर आला आणि इथे सगळं गुलाबी झालं. दरवर्षी होतं. मॉलमध्ये गुलाबी फुगे, कॉफीच्या कपावर गुलाबी रिबन, शाळेत गुलाबी कपकेक. कपकेक खाऊन नेमकं काय टळतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. आमच्या सुपरवायझरबाई मला म्हणाल्या, "तुम्ही स्वतः यातून गेला आहात. पालक आयांसमोर पंधरा मिनिटं बोला ना, इन्स्पायरिंग होईल." यातून गेले आहात, म्हणजे बोगद्यातून गाडी पलीकडे निघाली, असं. मला बोलायला आवडतं. मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी भाषणाची तयारी करायला बसले. शब्द नीट यावेत म्हणून कपाटातून जानेवारीची फाइल काढली. रिपोर्ट दीड पानाचा होता. मी तो पहिल्यांदा पूर्ण वाचत होते. दहा महिन्यांत पहिल्यांदा! तोवर मी फक्त लाल गोलातला शब्द वाचला होता, तोही नवऱ्याच्या फोनवर. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, सहा महिन्यांनी डाव्या बाजूचा मॅमोग्राम, त्या जागेच्या मोठ्या केलेल्या फोटोंसह, आधीच्या फोटोंशी तुलनेसाठी. सोनोग्राफीचा 'स' नव्हता त्यात. आणि सुदानी डॉक्टरचं बोलणं मला शब्दन् शब्द आठवलं. ते कण सोनोग्राफीत दिसतच नाहीत. पुण्यात त्यांना काही दिसलं नाही, कारण दिसणार नव्हतं अशा यंत्राने त्यांनी बघितलं होतं.

माझ्या वर्गातल्या पोरांना मी वीस वर्षं एकच गोष्ट ओरडून सांगतेय, प्रश्न शेवटपर्यंत वाचा, अर्धा वाचून लिहायला लागू नका. कपाळ माझं!

हॉस्पिटलला तिथल्या तिथे फोन लावला. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. आणि भाषण? तेही केलं. छातीवर रिबन लावून, हसून, घाबरू नका, वेळेवर तपासा, वगैरे अकलेचे तारे तोडले. टाळ्या पडल्या. स्वतःचं एक अक्षर सांगितलं नाही. धीरच झाला नाही. दुसऱ्यांना नावं ठेवताना माझी जीभ कशी सुरीसारखी चालते, तिथे मात्र टाळ्याला चिकटली होती.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो शर्टाला इस्त्री करत होता.

"अगं, पण पुण्याचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना?"

"ती सोनोग्राफी होती. त्यात हे दिसत नाही."

"मग त्यांनी सांगितलं असतं की. एवढं मोठं सेंटर आहे."

"बरं, मला एक सांगा," मी म्हटलं. "तुमच्या माणसाने जॉइंट तपासला. ज्या मशीनमध्ये ती चीर दिसतच नाही, ते मशीन लावलं. मागचं रीडिंग बघितलं नाही. आधी तिथे काय झालं होतं ते विचारलं नाही. आणि लिहून दिलं, ओके. तुम्ही सही कराल?"

इस्त्री थांबली. शर्ट जळेल म्हणून मीच त्याच्या हातातून ती उचलून उभी ठेवली.

"पाइप वेगळा आणि माणूस वेगळा," तो शेवटी म्हणाला.

"हो ना. पाइपची काळजी घेतात."

तो खुबूस, म्हणजे इथली अरबी रोटी, आणायला म्हणून खाली गेला. घरात खुबूसची दोन पाकिटं होती.

नोव्हेंबरात पुन्हा त्याच पट्ट्या, तीच फिलिपिनो पोर. या खेपेला मीच तिला रिलॅक्स म्हटलं, कारण ती दर फोटोनंतर आत जाऊन विचारून येत होती आणि तिचा चेहरा कसनुसा होत होता. मग सुदानी डॉक्टरने बोलावलं. जानेवारीचा फोटो डावीकडे, आजचा उजवीकडे.

"आणि जुलैचा?" तिने विचारलं.

मी पुण्याचा कागद पुढे केला. तिने तो वाचला, उलटून मागे काही आहे का बघितलं, मग परत सरळ केला.

"ही सोनोग्राफी आहे."

"हो."

"मी सांगितलं होतं."

"हो."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाशी मला भांडता येतं. तिने फक्त चष्मा वर सरकवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. ती क्लिप दिसत होती, तिच्याशेजारी जानेवारीचे उरलेले कण, आणि त्यांच्या पलीकडे आणखी चार. जानेवारीच्या फोटोत ते चार नव्हते.

"हे हळूहळू आले की गेल्या दोन-तीन महिन्यांत एकदम आले, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मधला फोटो असता तर अंदाज आला असता. नाही, म्हणून आता वाट बघत बसणार नाही. पुन्हा बायॉप्सी करू या."

ताईंना कळलं तेव्हा त्या व्हिडिओ कॉलवर भेंडी चिरत होत्या. "अगं, कशाला पुन्हा? एकदा आलं ना बिनाइन? तुझं म्हणजे खाजवून खरूज काढायचं काम. इथे सगळं नॉर्मल आलंय, तिथे यांना काहीतरी दिसतं. धंदे आहेत सगळे." नवरा शेजारी बसून ऐकत होता. प्लँटमध्ये शंभर माणसांना धारेवर धरतो, घरात बहिणीसमोर तोंडात मिठाची गुळणी.

बायॉप्सीला तो गाडी घेऊन आला, तेवढं केलं. मी पुन्हा पालथी, टेबलाच्या भोकातून स्तन खाली, मान एका बाजूला अवघडलेली, आणि समोर भिंतीवर समुद्राचं चित्र. बहुतेक पेशंटला शांत वाटावं म्हणून लावलं असणार. त्या चित्रकाराला एकदा असं झोपवायला हवं.

मग आठ दिवस रिपोर्टची वाट. त्या आठ दिवसांतलं एक सांगायचंय, आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसले होते. डोक्यात ताईंचं 'धंदे आहेत सगळे' घोळत होतं, नवऱ्याचं 'मशीन म्हणजे मशीन', हळदीकुंकवातलं 'टेन्शन घेतेस', लाल गोल, उपम्याचं कूपन, सगळं. राग नुसता उकळत होता. आणि मला स्पष्ट वाटलं, निघू दे. निघू देच एकदा काहीतरी. ताईंच्या हातातली सुरी तशीच राहील. नवरा माझ्याकडे बघूच शकणार नाही. एकेकाची तोंडं कशी होतात ते बघायचंय मला. मी ते सगळं डोळ्यांसमोर आणलं, कोण काय म्हणेल, कोण कसं रडेल, मी कशी एक शब्द न बोलता बसेन. आणि मला त्यात मजा वाटत होती. हो, मजा.

तेवढ्यात माझी मुलगी दारात आली. दहावीत आहे, याच शाळेत. आमचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमधून. मार्चमध्ये तिच्या परीक्षा संपल्या की गाण्याचा कार्यक्रम आहे, त्यात तिला एकटीला गायचंय, त्याचं ती सांगायला आली होती. "यू विल कम, राइट?" तिने विचारलं. हिला बायॉप्सीचं माहीत होतं, पण ती ते विचारत नव्हती. आई येणार की शाळेची मीटिंग काढणार, एवढंच विचारत होती.

मार्च. मी बोटांवर महिने मोजले, तिच्यासमोर. आणि मला मरणाची भीती वाटली. अशी भीती मला त्या टेबलावरही वाटली नव्हती. मी काय मागत बसले होते इथे? कुणाच्या तरी भेंडीच्या सुरीसाठी? मी "येणार" म्हटलं आणि माझा आवाज इतका चमत्कारिक निघाला की ती म्हणाली, "मम्मा, ओके, डोन्ट क्राय, इट्स जस्ट वन साँग." ती गेल्यावर मी उरलेले पेपर तसेच पिशवीत भरले. एकही धड तपासला गेला नसता.

रिपोर्ट गुरुवारी दुपारी आला. सुदानी डॉक्टरने स्वतः फोन केला. बिनाइन. या खेपेलाही. मी खाली जिन्यात बसले आणि दोन वेळा विचारलं, नक्की ना? ती म्हणाली, नक्की. मग तिने पुढचं सांगितलं आणि मी पेन मागून घेऊन हातावर लिहून घेतलं, सहा महिने, मे, मॅमोग्राम, डावी बाजू, मोठे फोटो. मी वाचून दाखवलं. ती हसली आणि म्हणाली, इन्शाल्ला, पुन्हा हेच सांगेन तुम्हाला.

घरी नवरा लवकर आला होता. मी सांगितलं. त्याने मला जवळ घेतलं, आणि मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. बोललाच. माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "बघ, म्हटलं होतं ना मी? काही नाही निघणार."

मी त्याच्या शर्टात तोंड खुपसून तशीच उभी राहिले. कुणाला सांगणार की ते चार कण कुणाला माहीतच नव्हते, की दहा महिने आपण डोळे बांधून चाललो आणि खड्डा नव्हता म्हणून पडलो नाही? पडलो नाही, एवढंच यांना दिसतं. खरं ठरायचं तर मला कॅन्सरच व्हायला हवा होता. धडधाकट बाईला या घरात वाद जिंकता येत नाही.

त्याने ताईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्या हसल्या, देवाचं नाव घेतलं, खरंच आनंद झाला होता त्यांना, ते मी नाकारत नाही. मग म्हणाल्या, "काय गं, मी सांगत होते ना तुला? उगाच दुसऱ्यांदा टोचून घेतलंस. वेडाबाई."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ही फाडून खाणार.

"ताई, तुमचंच खरं," मी म्हटलं. "मेमध्ये मी परत जाणारे. तेव्हाही तुमचंच खरं निघू दे. त्याच्या पुढच्या वेळीही. मी म्हातारी होईपर्यंत दर खेपेला तुमचंच खरं निघू दे, ताई, आणि दर खेपेला तुम्ही मला वेडी म्हणा."